अणुकचऱ्याचा अंतिम मुक्काम : चिकणखडकाचा धडा आणि भारताचा लांबणीवर पडलेला प्रश्न

चंडीगड (वृत्तविश्लेषण) : हरियाणाच्या फतेहाबाद जिल्ह्यातील गोरखपूर येथे प्रत्येकी ७०० मेगावॅट क्षमतेच्या चार अणुभट्ट्यांचा प्रकल्प आकार घेत आहे. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १३ जानेवारी २०१४ रोजी त्याची पायाभरणी केली. प्रकल्पाची जमीन, भाक्रा कालव्याचे पाणी आणि रखडलेले बांधकाम यांवर येथे बरीच चर्चा झाली. या भट्ट्यांतून निघणारा किरणोत्सारी कचरा अखेरीस कोठे विसावणार, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या जड पाण्याच्या अणुभट्टीला इंधन वारंवार बदलावे लागते. ढोबळ हिशेबाने ७०० मेगावॅटच्या एका भट्टीतून वर्षाला सुमारे शंभर टन वापरलेले इंधन बाहेर पडते. भारत ते कचरा मानत नाही. पुनर्प्रक्रियेने त्यातील युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढले जाते. उरलेला शेकडा दोन-तीन इतकाच, परंतु अतितीव्र किरणोत्सारी भाग काचेत गोठवून पोलादी डब्यांत बंद केला जातो. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे असे डबे हवेने थंड ठेवणाऱ्या देखरेखीखालील साठवणगृहात ठेवले जातात. कचऱ्याचे प्रमाण अल्प असल्याने खोल भूगर्भातील कायमस्वरूपी साठ्याची गरज काही दशकांनंतरच भासेल, ही अणुऊर्जा विभागाची भूमिका आहे.

साठ्याची गरज दशकांनंतरची असेलही, पण त्यासाठीच्या संशोधनालाही दशकेच लागतात, हे युरोपच्या अनुभवावरून दिसते. बेल्जियमने मोल येथे २२५ मीटर खोलीवरील चिकणमातीत भूमिगत प्रयोगशाळा खोदण्यास १९८० मध्ये आरंभ केला. फ्रान्सने १९९१ मध्ये कायदा करून संशोधनाची चौकट आखली, ब्यूर येथे ४९० मीटर खोलीवर प्रयोगशाळा उभारली आणि प्रत्यक्ष साठ्याच्या परवानगीसाठीचा अर्ज जानेवारी २०२३ मध्ये दाखल केला. स्वित्झर्लंडमधील माँ तेरी येथील प्रयोग १९९६ पासून सुरू आहेत. तेथील खडक सुमारे साडेसतरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ आहे.

चिकणखडकच का, याचे उत्तर त्याच्या गुणांत आहे. त्यातून पाणी जवळजवळ वाहतच नाही. विरघळलेले कण अतिसूक्ष्म छिद्रांतून अत्यंत मंद गतीने पसरतात. चिकणमातीच्या कणांवरील ऋणभार अनेक किरणोत्सारी धातूंना धरून ठेवतो. शिवाय भेग पडली तरी ओलाव्याने माती फुगते आणि भेग बुजते.

तथापि हा खडक सर्वगुणसंपन्न नाही. तो उष्णता सावकाश वाहून नेतो, त्यामुळे कचरा आधी अनेक वर्षे थंड करावा लागतो. बोगद्यांना अस्तराचा आधार द्यावा लागतो. सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षांचे अर्धायुष्य असलेले आयोडीन-१२९ ऋणभारित असल्याने मातीला चिकटत नाही. हे सारे कागदावरच्या गणिताने सुटत नाही, प्रत्यक्ष खडकात वर्षानुवर्षे मोजावे लागते.

भारताने असे मोजमाप एकदा केले आहे. कर्नाटकातील कोलार सोनखाणीत सुमारे १,००० मीटर खोलीवर उष्णतेचा खडकावरील परिणाम भाभा अणुसंशोधन केंद्राने तपासला होता. तो खडक कठीण, रूपांतरित प्रकारचा होता. २००१ मध्ये ती खाण बंद झाली. २०१२ मध्ये कुडनकुलमचा कचरा कोलारला येणार, अशी चर्चा होताच तेथे तीव्र आंदोलन झाले आणि केंद्राला माघार घ्यावी लागली. संशोधन आणि विल्हेवाट यांतील फरक लोकांना वेळेवर व विश्वासाने सांगितला गेला नाही, तर संशोधनाचाही मार्ग बंद होतो, हा त्यातील धडा होय. माँ तेरी येथे केवळ संशोधन होते, कचरा कधीच ठेवला जात नाही. ही मर्यादा तेथे आरंभीच स्पष्ट आहे.

चंडीगड परिसराखालीही चिकणमाती आहे, परंतु ती युरोपातील खडकासारखी नाही. शिवालिकच्या पायथ्याशी आणि पंजाब-हरियाणाच्या मैदानात चिकणमातीचे थर वाळू व गोट्यांच्या जलधारक थरांशी आलटूनपालटून येतात. याच भूजलावर येथील शेती उभी आहे. त्यात हा प्रदेश भूकंपप्रवण. त्यामुळे गोरखपूरचा कचरा गोरखपूरखालीच पुरण्याचा विचार शास्त्रीयदृष्ट्या टिकणारा नाही. देशात कठीण खडकाचा पर्याय अधिक स्वाभाविक ठरतो. त्यातही डब्यांभोवती बेन्टोनाइट मातीचे वेष्टन लागतेच. फिनलंडने ओंकालो येथे हाच मार्ग धरला आहे, आणि बेन्टोनाइट कच्छ व राजस्थानात विपुल आहे.

अणुवीज २०४७ पर्यंत १०० गिगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने खासगी कंपन्यांसाठी हे क्षेत्र खुले करणारा कायदा संमत केला. मात्र पुनर्प्रक्रिया व अतितीव्र कचऱ्याची जबाबदारी केंद्राकडेच ठेवली. म्हणजे वीज अनेकांची, कचरा सरकारचा. क्षमता अनेक पटींनी वाढणार असेल, तर अल्प प्रमाणाचा युक्तिवादही तितकाच क्षीण होत जाईल.

प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षांचे आहे. त्या तुलनेत एका भूमिगत प्रयोगशाळेसाठी लागणारी तीस-चाळीस वर्षे क्षणमात्र आहेत. पण ती आज मोजायला सुरुवात झाली, तरच गोरखपूरच्या भट्ट्या आयुष्य संपवून थंडावतील तेव्हा पुढच्या पिढीच्या हाती प्रश्नाबरोबर उत्तरही असेल.