हात एकाकडे, पुस्तक दुसऱ्याकडे

माझ्या भाच्याने डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट लॅमिंग्टन रोडवरून तयार आणला. पाण्याची टाकी भरली की वाजणारा अलार्म. एक आर्डुइनो ऊनो, एक ब्रेडबोर्ड, रंगीत वायरी आणि सोबत छापून बांधलेला अहवालसुद्धा. मी चिडलो तर म्हणाला, "मामू, सगळेच घेतात." तो खोटं बोलत नव्हता.

मी म्हटलं, ठीक आहे, आता हा कपाटात ठेवायचा नाही. मोहल्ल्याच्या मशिदीत वुजूचं पाणी ज्या टाकीतून येतं, तिथं बसव. ती टाकी कधी तासभर वाहत राहते, तर कधी फजरच्या वेळेला कोरडी असते. म्हणजे गरज खरी होती.

प्रोजेक्ट तिथं फार दिवस टिकला नाही. पाण्याची पातळी कळावी म्हणून टाकीत तांब्याच्या उघड्या तारा सोडल्या होत्या आणि त्यांतून सतत डीसी करंट वाहत होता. अशा तारा पाण्यात झिजतात, हे दहावीच्या विज्ञानात आहे. विद्युत अपघटनाची आकृती भाच्याने परीक्षेत काढली होती, पण टाकीतली हिरवी पडलेली तार हातात घेईपर्यंत तिचा आणि त्या आकृतीचा संबंध त्याला लागला नाही.

मग मी अट घातली की आता स्वतः बनवायचं. ऊनोच्या सॉकेटमधली एटीमेगा ३२८पी ही २८ पायांची चिप काढायची आणि तिच्याभोवतीचं सगळं ब्रेडबोर्डवर आपण उभं करायचं. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याला २२ पिकोफॅरडचे दोन कॅपॅसिटर, रिसेटला १० किलो-ओहमचा रेझिस्टर. तारांऐवजी तरंगणारे फ्लोट स्विच. पहिले दोन दिवस काहीच चालेना. कारण साधं होतं. ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांवर मध्येच तुटलेल्या असतात. अर्ध्या सर्किटला वीजच पोहोचत नव्हती. तिसऱ्या दिवशी एलईडी लागला तेव्हा पोरगा ज्या आवाजात ओरडला, तो आवाज मी त्याच्या निकालाच्या दिवशीही ऐकला नव्हता.

घरी चाललेली वस्तू टाकीपाशी पुन्हा फसली. पंप सुरू झाला की चिप रिसेट व्हायची. प्रोग्रॅम चार वेळा बदलून झाला, फरक शून्य.

शेवटी मी नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. दहावीनंतर शाळा सुटलेली, पण हात असा की तांदळाच्या दाण्याहून बारीक भाग गरम हवेने उचलून पुन्हा जागेवर ठेवतो. त्याने एकदा पाहिलं आणि विचारलं, "भाईजान, चिपच्या अंगाला लागून कॅपॅसिटर कुठं आहेत? मोबाइलमध्ये तर प्रत्येक आयसीभोवती असतात." का असतात, ते त्याला माहीत नव्हतं. भाच्याला माहीत होतं. चिप क्षणोक्षणी झटक्याने करंट ओढते, लांब वायरीतून तो वेळेवर येत नाही, म्हणून जवळ छोटा साठा हवा. शिवाय बाहेरचा विजेचा गोंगाट तो साठा गिळतो. पाच मार्कांचं उत्तर त्याला पाठ होतं, पण कॅपॅसिटर नेमका कुठं बसतो ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर चिपच्या पायांना खेटून लावला, फ्लोट स्विचच्या लांब वायरींना जास्त दमदार पुल-अप रेझिस्टर दिले, आणि पंप सुरू होऊनही चिप जागेवर राहिली.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. आपल्याकडे हात आहेत आणि पुस्तकंही आहेत, पण ती एका टेबलावर बसत नाहीत. दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला आपण 'शिकला नाही' म्हणून सोडून देतो, आणि शिकणाऱ्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न देत नाही. दोघंही अर्धेच राहतात.

पुढचं पाऊल त्या दोघांनी मिळून टाकलं. ब्रेडबोर्डच्या वायरी हलतात, दमट हवेत जोड सैल होतात, म्हणून छोटा बोर्ड करायचा ठरला. किकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. भाच्याने त्यात पाच सेंटिमीटरचा बोर्ड आखला, कागदावर मूळ मापात छापून भाग त्यावर ठेवून पाहिले. तरीही पहिल्या बोर्डावर बझर वाजेना. आखणी पीएन२२२२ या ट्रान्झिस्टरची होती आणि हातात होता बीसी५४७. दोघांचा आकार एकच, पण पायांचा क्रम उलटा. कागदावर माप कळतं, पायांचा क्रम डेटाशीट वाचल्याशिवाय कळत नाही. दुकानवाल्या पोराने तो फिरवून सोल्डर केला आणि त्या दिवसापासून डेटाशीट कशी वाचायची ते भाच्याकडून शिकायला लागला.

कुणी म्हणेल, असा अलार्म बाजारात तयार मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? टाकीसाठी नाहीच. ब्रेडबोर्डवर चूक स्वस्तात होते, वायर उपटली की संपली. बोर्ड छापायला टाकताना मात्र प्रत्येक रेघेचा जबाब द्यावा लागतो. नोकरीच्या मुलाखतीत जो माणूस हा जबाब देऊ शकतो, त्याला विकत घेतलेल्या अहवालाची गरज पडत नाही.

आपल्या जलशांतून अल-जझारीचं नाव अभिमानाने घेतलं जातं. त्याचा यंत्रांवरचा ग्रंथ १२०६ मध्ये पुरा झाला. पण त्याचं मोठेपण यात आहे की त्याने यंत्रांचे भाग, मापं आणि जोडणी अशी लिहिली की दुसऱ्या कारागिराला ते यंत्र बनवता यावं. तो स्वतः कारागीर होता. त्याचं नाव घ्यायचं आणि कारागिराला मात्र कमी लेखायचं, हे जमत नाही.

दरवर्षी निकालानंतर आपल्या संस्था गुणवंतांचा सत्कार करतात. शाल, ट्रॉफी, फोटो. सत्कार जरूर करा. पण यंदा ट्रॉफीऐवजी ब्रेडबोर्ड, एक चिप, मल्टिमीटर आणि मूठभर रेझिस्टर द्या. मोहल्ल्याच्या वाचनालयात एक टेबल आणि एक सोल्डरिंग आयर्न ठेवा. आणि रविवारी नाक्यावरच्या त्या दुकानदाराला तिथं बोलवा, शिकवायलाही आणि शिकायलाही.