दाढीनंतरचे फोड : ट्यूब नको, दाढीची पद्धत बदला

दाढी केली की मानेवर आणि जबड्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या येतात, खाज सुटते, नंतर तिथे काळे डाग राहतात. तुम्ही मेडिकलमधून एक ट्यूब आणता. दोन दिवसांत फोड बसतात, ट्यूब थांबवली की पुन्हा उठतात. मग दुसरी ट्यूब. माझं म्हणणं असं, की आधी ती ट्यूब बंद करा.

बहुतेक वेळा हा जंतुसंसर्ग नसतोच. तुमचाच केस तुमच्याच त्वचेत घुसलेला असतो. वस्तऱ्याने किंवा रेझरने कापलेल्या केसाचं टोक तिरकं आणि अणकुचीदार होतं. केस कुरळा असेल तर तो वाढताना वळतो आणि शेजारच्या त्वचेत शिरतो. त्यातून तुम्ही कातडी ताणून, उलटा हात मारून दाढी घोटली, की केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि बाहेर येण्याआधीच आतल्या आत टोचतो. काटा रुतल्यावर जशी सूज येते, तशीच ही सूज. तीन-चार पात्यांचं महागडं रेझर तर दाढी आणखी खोलवर करतं. ज्यांना फोड येतात त्यांच्यासाठी तो गुळगुळीतपणा हाच आजार आहे.

त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं औषध अशी खिचडी असते. स्टेरॉइडने सूज दबते, केस मात्र तिथेच राहतो. महिनोन्‌महिने लावलं तर चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, आणि थांबवल्यावर आग होते. फोड समजून लावलेल्या जागी गजकर्ण असेल तर ते पसरतं. असं औषध चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बरेच दिवस लावत असाल तर थांबवताना डॉक्टरांना दाखवा.

मग करायचं काय? तीन-चार आठवडे दाढीला हात लावू नका. पहिल्या आठवड्यात फोड वाढल्यासारखे वाटतील, पण केस वाढला की तो आपोआप सुटून बाहेर येतो. चिमट्याने उपटू नका. त्यानंतर शक्यतो ट्रिमर वापरा आणि एखादा मिलिमीटर खुंट राहू द्या. रेझरच हवं असेल तर कोमट पाण्याने केस भिजवा, एक पात्याचं रेझर घ्या, केसांच्या दिशेनेच हलका हात फिरवा. बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापॅलीन डॉक्टरांच्या सल्ल्याने लावता येतं. (बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेलचा रंग उडतो. घरच्यांची बोलणी माझ्यावर ढकलू नका.) तुरटीने बारीक कापलेल्या जागेचं रक्त थांबतं, रुतलेला केस निघत नाही. फारच त्रास असेल तर लेझरचा पर्याय आहे, पण तो त्वचारोगतज्ज्ञांकडेच.

अडचण नोकरीची असते. हॉटेलात किंवा सुरक्षा रक्षकाच्या कामाला रोज गुळगुळीत दाढी लागते म्हणून ही मुलं ट्यूब लावून दिवस काढतात. अशा वेळी डॉक्टरांकडून सर्टिफिकेट मागून घ्या. मी ते बिनदिक्कत देतो. नीट ट्रिम केलेल्या दाढीने कुठल्या गिऱ्हाइकाचं काही बिघडत नाही.

फोडांत पू भरला, दुखू लागले, गोल खवलेदार चट्टे दिसले किंवा टणक गाठी राहू लागल्या, तर मात्र लगेच दाखवायला या. पुवाचे फोड वारंवार येत असतील तर येताना रक्तातली साखरही तपासून आणा.