साखरेच्या पोत्यांतील बंदूक

बंदुकीचा विषय या पानावर पाहून घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या भुंवया उंचावतील, हें आम्ही जाणून आहों. शस्त्राचें कार्य घातक, हेंही निर्विवाद. परंतु आजची गोष्ट जितकी शस्त्राची, तितकीच मुलांकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीची आहे; म्हणून हें धाडस.

ऑस्ट्रेलियांतील वलाँगाँग येथें एव्हलिन ओवेन नांवाचा तरुण राहत असे. यंत्रांचा त्यास मोठा नाद. खटपट करून त्यानें एक लहानशी स्वयंचलित बंदूक तयार केली आणि 1939 च्या जुलै महिन्यांत, वयाच्या 24 व्या वर्षीं, ती सिडनी येथील सैन्याधिकाऱ्यांस दाखविली. त्यांनीं ती नाकारली. पुढें महायुद्ध सुरू झालें. 1940 सालीं ओवेन सैन्यांत दाखल झाला, आणि त्याची बंदूक साखरेच्या पोत्यांत पडून राहिली. तें पोतें शेजारीं राहणारे व्हिन्सेंट वॉर्डेल यांच्या दृष्टीस पडलें. हे गृहस्थ पोर्ट केंब्ला येथील लायसॅट कंपनीच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. त्यांनीं आंतील वस्तु पाहिली, विचारपूस केली, आणि तिचें महत्त्व ओळखलें.

अशा बंदुकीचें तत्त्व सोपें आहे. स्प्रिंगच्या जोरानें पोलादी दट्ट्या पुढें येतो, काडतूस नळींत ढकलतो व उडवितो. स्फोटाचा दाबच त्यास पुन्हां मागें लोटतो. चाप दाबलेला असेपर्यंत हा क्रम चालतो. मात्र दट्ट्याच्या वाटेंत चिखल किंवा वाळू शिरली कीं सारें अडतें.

ओवेनच्या बंदुकीची शेवटीं जी रचना ठरली, तींत याचाच विचार दिसतो. काडतुसांची पेटी बहुधा खालीं किंवा बाजूस असते. येथें ती माथ्यावर उभी आहे. त्यामुळें काडतुसें उतरण्यास त्यांच्या वजनाचेंच साहाय्य होतें, आणि रिकामीं टरफलें खालच्या भोकांतून गळून पडतात. त्यांबरोबर आंत गेलेली घाणही. पेटी नजरेच्या आड येते, म्हणून नेम धरण्याच्या खुणा उजवीकडे सरकविल्या. शिवाय दट्ट्या मागें ओढण्याची मूठ निराळ्या कप्प्यांत ठेवून मध्यें एक आडभिंत घातली. मुठीच्या फटींतून शिरलेला चिखल दट्ट्यापर्यंत पोंचत नाहीं.

1941 सालीं थॉम्पसन व स्टेन या नामांकित बंदुकांबरोबर तिची परीक्षा झाली. चिखलानें व वाळूनें माखल्यावर इतर अडखळल्या. ओवेनची चालत राहिली. पुढें सुमारें 45 हजार बंदुका तयार झाल्या. न्यू गिनीच्या दमट अरण्यांत सैनिकांनीं त्यांवर भरंवसा ठेवला, आणि कोरियाच्या युद्धांतही त्या वापरल्या गेल्या. ओवेन मात्र 1949 सालीं, अवघ्या 33 व्या वर्षीं वारला.

हें लिहितांना आम्हांस आमचाच एक अपराध आठवतो. एकदां संस्कृताच्या तासास एक विद्यार्थी बांकाखालीं कांहीं चाळा करीत होता. सायकलच्या तारा, दोऱ्याचीं रिळें व रबर यांचें तें एक लहान यंत्र होतें. आम्हीं तें जप्त केलें, मुलास उभें केलें, आणि यंत्र कपाटांत टाकलें. तें काय करतें, हें मात्र विचारलें नाहीं. सेवानिवृत्तीच्या वेळीं कपाट रिकामें करतांना तें पुन्हां हातीं आलें. रबर कुजून गेलें होतें. मुलाचें नांवही आठवेना. योग्य वचन बालकाकडूनही घ्यावें, असें आम्ही वर्गांत जन्मभर शिकवीत आलों होतों!

वाचकहो, सर्वच पोत्यांत रत्नें नसतात. पुष्कळदां मोडकें घड्याळ आणि आजोबांच्या हरवलेल्या चष्म्याच्या दांड्याच सांपडतील. तरी रागावण्यापूर्वीं नातवास एवढें जरूर विचारावें, "बाळ, हें चालतें कसें?" आणि तो सांगूं लागला, तर त्याचें बोलणें संपेपर्यंत बसावें.