आठ वार कापड आणि गुडघ्याचे माप

कापडाच्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या घरांना ‘नऊवारी’ म्हटले की ताका, पन्हा आणि किनार एकदमच डोळ्यांसमोर येतात. स्कॉटलंडमध्ये पुरुषांचे एक वस्त्र असेच वारांवरून ओळखले जाते. ते म्हणजे किल्ट. पारंपरिक किल्ट तेथे ‘आठ वारांचा’ म्हणून विकला जातो. शिक्षणासाठी वा व्यवसायासाठी एडिंबरा, ग्लासगो येथे गेलेल्या तरुणांना मित्रांच्या विवाहात तो परिधान करण्याचा प्रसंग येतो. काही जण भाड्याने आणतात, काही विकत घेण्याचे ठरवितात. हाताने शिवलेल्या किल्टला कित्येकशे पौंड मोजावे लागतात. एवढे मोल देऊन घेतलेले वस्त्र पहिल्याच प्रसंगी गुडघ्याच्या वर चार बोटे राहिले, तर त्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न शिंप्यालाही सहसा सुटत नाही. याचे कारण कापडातच आहे.

व्यापाऱ्याच्या हिशेबाने पाहिले, तर आठ वार म्हणजे प्रत्यक्षात चारच वार कापड असते. किल्टचे लोकरी टार्टन साधारण ५४ ते ६० इंच पन्ह्याचे विणतात. ते पन्ह्याच्या मधोमध लांबीत चिरून त्याचे दोन भाग करतात आणि ते एकमेकांना जोडून आठ वारांची पट्टी सिद्ध होते. हा जोड निरीच्या आत लपलेला असतो. दोन्ही भागांना एका बाजूस विणलेली किनार असते आणि दुसऱ्या बाजूस कापलेली कड. कापलेली कड वर कंबरपट्टीत जाते व किनार खाली, गुडघ्यापाशी येते. म्हणजेच किल्टला खालून दुमड नसते. पाटलोणीच्या पायाला शिंपी दोन इंच माया सोडतो, मुलगा वाढला की ती उसवून लांबी वाढवितो. येथे तशी माया नाही. लांबी बदलावयाची, तर कंबरपट्टी उसवून निऱ्या वरून पुन्हा बसवाव्या लागतात, आणि तरीही वस्त्र आखूड करता येते, लांब करण्यास वाव जवळजवळ नसतो.

कंबरेचे तसे नाही. किल्टला दोन वा तीन पट्टे व बकले असतात. पट्ट्याच्या भोकांमुळे इंचभर इकडे-तिकडे सहज जमते, आणि शरीर त्याहून वाढले किंवा उतरले, तर बकल सरकवून शिवता येते. नव्या किल्टचे पट्टे मधल्या भोकांत बसावेत, असे जाणकार सांगतात ते यासाठीच. गंमत अशी की, बहुतेक नवे गिऱ्हाईक कंबरेची चिंता वाहते आणि लांबी अंदाजाने सांगते.

मुळात हा मापांचा प्रश्न फार जुना नाही. हायलँडमधील जुना ‘फेला मोर’ हे न शिवलेले वस्त्र होते. धोतर वा लुगडे जसे नेसावयाचे, तसे ते रोज निऱ्या घालून कंबरेभोवती पट्ट्याने आवळीत. न शिवलेले वस्त्र कोणत्याही देहाशी जुळवून घेते. बंडानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या वेषावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. त्यानंतर अठराव्या शतकाच्या अखेरीस निऱ्या कायमच्या शिवून टाकलेला किल्ट रूढ होऊ लागला, आणि त्याबरोबर फीत आली.

फितीची उपेक्षा केल्याचे सर्वांत महागडे उदाहरण एका राजाचे आहे. १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्यास आला. सोहळ्याची सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती. राजाच्या हायलँड वेषाचा खर्च साडेतेराशे पौंडांच्या घरात गेला. एवढे करूनही किल्ट गुडघ्याच्या बराच वर राहिला आणि स्थूल पायांवर त्वचेच्या रंगाचे तंग मोजे चढवावे लागले. व्यंगचित्रकारांनी संधी सोडली नाही. पुढे डेव्हिड विल्की या चित्रकाराने राजाचे त्याच वेषातील भव्य चित्र रंगविले, त्यात मात्र किल्ट योग्य उंचीवर आहे. जे शिंप्याला जमले नाही, ते कुंचल्याला जमले. सामान्य गिऱ्हाइकाच्या पदरी असा चित्रकार नसतो.

योग्य उंची कोणती? किनार गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर, फार तर वाटीच्या वरच्या कडेवर यावी. वाटीच्या खाली गेली, तर वस्त्र घागऱ्यासारखे दिसू लागते. पारखण्याची जुनी रीत सोपी आहे. किल्ट नेसून ताठ गुडघे टेकावेत. किनार जमिनीपासून सुमारे इंचभर वर राहिली पाहिजे.

पण ही उंची जिथून मोजावयाची, ती कंबर कोणती, येथेच पुष्कळांची गफलत होते. हल्लीची पाटलोण बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसते. किल्ट तिथे बसत नाही. त्याचा पट्टा बेंबीच्या पातळीवर येतो आणि कापड त्याच्याही वर सुमारे दोन इंच जाते. म्हणून जीन्सच्या लेबलावरील ३४ हा आकडा दुकानदाराला सांगणे निरर्थक ठरते. एक तर लेबलावरचा आकडा आणि खरा घेर यांत अंतर असते, शिवाय बेंबीपाशी घेर बहुधा दोन-तीन इंच अधिक भरतो. पोट थोडे सुटलेले असेल, तर फरक आणखी वाढतो. पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाइकाचा पुढे जेवणाच्या पंगतीत काय अनुभव असतो, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरे माप बैठकीचे, ज्याला आपले शिंपी ‘सीट’ म्हणतात. नितंबांच्या सर्वांत भरीव भागावरून फीत घ्यावी, आवळू नये. किल्टच्या मागील बाजूस वीस ते तीस निऱ्या असतात. कंबरेपासून सीटपर्यंत त्या टाक्यांनी बंद केलेल्या असतात व खाली मोकळ्या सुटतात. कंबरेकडे प्रत्येक निरी अरुंद आणि सीटकडे रुंद, असा उतार शिवणाऱ्याला साधावा लागतो. एका निरीमागे एक सूत चुकले, तरी पंचवीस निऱ्यांत तीन इंचांचा फरक पडतो. सीट घट्ट झाली, तर उभे राहिल्यावर निऱ्या पंख्यासारख्या फाकतात आणि पुढचा पदर पोटाखाली ताणला जातो. सैल झाली, तर मागे झोळ पडतो. उत्तम बसलेल्या किल्टच्या निऱ्या स्थिर उभ्या माणसाच्या मागे मिटलेल्या दिसतात आणि चालताना उघडतात. आरशात पुढून पाहून हे कळत नाही. मागे कोणीतरी उभे राहून पाहावे लागते.

मापे दुसऱ्यानेच घ्यावीत, हेही त्याच कारणाने. स्वतः फीत धरून खाली वाकून पाहिले की बेंबीपासून गुडघ्याचे अंतर बदलते. दृष्टी समोर, पाय जुळलेले, अंगात पातळ सदरा, अशा स्थितीत सोबतीने तीन मापे दोनदा घ्यावीत आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला, तरच कळवावा. भारतातून पत्राने वा संगणकावरून मागणी नोंदविणाऱ्यांनी तर इंच आणि सेंटिमीटर यांची सरमिसळ टाळावी. उंची व वजन कळविल्यास चांगला किल्टकार विसंगत आकडा ओळखून परत विचारतो. न विचारता कापडाला कात्री लावणारा दुकानदार टाळलेला बरा.

कापडाचे वजनही ठेवणीवर परिणाम करते. तेथे ते वारामागे औंसांत सांगतात. १६ औंसांचे भारी कापड घेतले, तर चार वारांचे ६४ औंस, म्हणजे सुमारे १.८ किलो होतात. १३ औंसांचे घेतल्यास दीड किलोच्या आत-बाहेर. भारी कापडाच्या निऱ्या सरळ पडतात आणि घडी धरून ठेवतात. १० वा ११ औंसांचे हलके कापड उन्हाळ्यात सुसह्य, पण वाऱ्यावर उडते व लवकर चुरगळते. पर्यटकांच्या रस्त्यांवर मिळणारे ॲक्रिलिकचे तयार किल्ट कमी कापडाचे असतात आणि त्यांची सीट व लांबी ठोकळ आकारांत बसविलेली असते. एका संध्याकाळच्या हौसेला ते ठीक आहेत. एकाच विवाहापुरती गरज असेल, तर त्यापेक्षा चांगल्या दुकानातून भाड्याने आणणे शहाणपणाचे, कारण तेथेही मापे घेतली जातात.

जैन कुटुंबांना आणखी एक गोष्ट वेळीच विचारावी लागेल. पट्टे साधारणतः चामड्याचे असतात आणि पुढे लोंबणारी ‘स्पोरन’ ही पिशवी चामड्याची किंवा केसाळ कातड्याची. कृत्रिम चामड्याचे स्पोरन मिळतात. पट्ट्यांविषयी मात्र मागणी नोंदवितानाच सांगावे. शिवून झाल्यावर ते बदलणे म्हणजे दुहेरी काम.

सुटाचा नेहमीचा कोट किल्टवर चालत नाही. तो निऱ्या झाकून टाकतो आणि केलेला सगळा खर्च आत दडतो. त्यासाठी आखूड कोट वेगळा असतो. मोजे गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटांवर दुमडावेत, म्हणजे किनार आणि मोजा यांच्यामध्ये पाय नेमका दिसतो. उरलेली रक्कम देण्यापूर्वी दुकानातच पट्टे बांधून थोडे चालावे, खुर्चीवर बसून उठावे, मागचे रूप सोबत्याला पाहू द्यावे आणि अखेरीस तेथल्याच गालिच्यावर गुडघे टेकावेत. दुकानदाराला त्याचे काही वाटत नाही. चांगला दुकानदार तर स्वतःच तसे करावयास सांगतो आणि फीत घेऊन शेजारी बसतो.