आवाज बाजूला काढा, मग मत द्या



बैल घ्यायला बाजारात गेलो तर रंगवलेली शिंगे बघून आपण पैसे मोजत नाही. दात बघतो, खूर बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. मत देताना हे शहाणपण कुठे जाते? पुढाऱ्याचा फेटा, कडक इस्त्रीचा सदरा आणि घुमणारा आवाज, एवढ्यावर पाच वर्षांचा सौदा होतो. सभेहून परतणाऱ्याला विचारा, "काय बोलला?" उत्तर मिळते, "ते काही ध्यानात नाही, पण बोलला झकास!"

शेतकरी अडाणी म्हणून फसतो, असे शहरातल्या शहाण्यांनी समजू नये. हा रोग जगभर आहे. स्वित्झर्लंडमध्ये शाळकरी मुलांना अनोळखी माणसांच्या फोटोंच्या जोड्या दाखवल्या आणि विचारले, बोटीतून प्रवासाला निघालात तर यातला कप्तान कोण? ते फोटो होते फ्रान्सच्या 2002 च्या निवडणुकीतल्या उमेदवारांचे. 2009 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पोरांनी निवडलेला कप्तान साधारण 10 पैकी 7 वेळा खरोखर निवडून आलेला होता. अमेरिकेतही 2012 साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मत मागणारे एकच वाक्य लोकांना जाड आणि बारीक आवाजात ऐकवले. जास्त पसंती मिळाली जाड आवाजाला. वाक्य मात्र तेच!

राजकारणी हे पुरते ओळखून आहेत. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर 1979 साली पंतप्रधान झाल्या. त्याआधी त्यांनी शिकवणी लावून आवाज खालच्या पट्टीत आणला होता. नुसत्या आवाजावर त्या निवडून आल्या, असे आमचे म्हणणे नाही. पण आवाज घडवून घेता येतो, हे ध्यानात ठेवा. आता तर आवाजामागे माणूसही लागत नाही. 2018 साली वारलेल्या करुणानिधींचे यंत्राने बनवलेले भाषण 2024 साली तमिळनाडूत पडद्यावर झाले.

आता आपला हिशेब. 2025 च्या ऑगस्टमध्ये, कपाशी अजून शेतात उभी असताना, केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस वेचून बाजारात येईल, नेमक्या त्या दिवसांत परदेशी गाठींना दार उघडे! हा निर्णय कोणी सभेत गर्जून सांगितला नाही. तो कागदावर आला. कागदाला ना फेटा असतो, ना आवाज. भाषण कानाला गोड लागते. गळ्याला फास लावतो तो कागद.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. उमेदवार गावात आला की कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, आयात-निर्यात आणि वीज यांबद्दल तो काय करणार, ते लेखी घ्या. खाली सही घ्या. दुसऱ्या दिवशी सातवी-आठवीतल्या एखाद्या पोरीला तो कागद पारावर वाचायला सांगा. सावकाश, माईकशिवाय. तिच्या आवाजातही त्यात दम वाटला तर विचार करा. सही द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

हीच कसोटी छातीला बिल्ला लावून बोलणाऱ्या आमच्या वक्त्यांनाही लावा. टाळ्या आम्हालाही गोड लागतात. पण टाळ्यांनी क्विंटलमागे एक रुपयाही वाढत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावातले असे कागद सोबत आणा. सगळ्यांसमोर वाचू.