चूक सांगणारे कान

‘प्रायोगिक संगीत’ म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो नियम झुगारणारा कुणी विक्षिप्त मनुष्य. बर्नार्ड बेल या फ्रेंच पाहुण्याचे काम मात्र माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरला घरचे वाटते, कारण त्याचा पाया व्याकरण हा आहे.

जेम्स किप्पन यांच्यासह त्यांनी १९८० च्या दशकात ‘बोल प्रोसेसर’ ही संगणकप्रणाली रचली. तबल्याच्या कायद्याचे नियम तिला द्यायचे. ती नवे पलटे रचणार. लखनौचे उस्ताद आफाक हुसेन खाँ त्यांतली चूक दाखवणार. मग नियम सुधारायचे. पुढे नव्या संगीतरचनाही तिच्यावर झाल्या.

हेच बेल १९९० च्या दशकात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात आले. मुळशीच्या खेड्यांसह ठिकठिकाणच्या लाखाहून अधिक ओव्या त्यात जमल्या. कागदावर ओवी साधी दिसते. जात्यावर तीच ‘गं बाई’ घेत लांबते, शब्द मागेपुढे होतात आणि चालीत चपखल बसतात. या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. रचनाकाराचे नाव कुठेच नाही. पण काय खपेल आणि काय नाही, हे प्रत्येकीला ठाऊक!

पिठाची गिरणी आली, जाती मुकी झाली. अनेक ओव्या ध्वनिमुद्रित आहेत, त्यांची चिंता नाही. यंत्र उद्या हजार गळे रचील. पण “हा आमचा गळा नव्हे” म्हणणारी म्हातारी गेली, तर यंत्राची चूक काढणार कोण?

या दिवाळीत आजीपुढे एखादी ओवी म्हणून पाहा. ती कुठे अडवते, तेवढे नीट ऐका.