टर्मिनलमधील लूप : आधी ‘इको’, मग ‘एमव्ही’

शादीच्या घरात फोटो शेकड्यांनी निघतात. कॅमेऱ्यातून ते संगणकावर उतरतात ते ‘आयएमजी_०४१२’ असल्या नावांनी, आणि सहा महिन्यांनी निकाहचे कोणते, वलीम्याचे कोणते हे शोधण्यात दुपार जाते. तीनशे फोटोंची नावे एकेक करून बदलण्याचा धीर कोणाला असतो? घरच्या संगणकावर लिनक्स असेल तर हे काम शेलच्या लूपवर सोपवावे. टर्मिनल उघडणे आणि ‘सीडी’ने फोल्डरमध्ये जाणे आपल्याला येते, असे आम्ही धरून चालतो.

लूप म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर तेच काम पुन्हा करणे. वर्गात हजेरी घेताना आम्ही हेच करतो. नाव बदलते, काम तेच राहते. शेलमध्ये ते असे लिहितात (येथे देवनागरीत छापले आहे, आपण रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावे):

फॉर एफ इन *.जेपीजी
डू
एमव्ही "$एफ" "वलीमा-$एफ"
डन

तारा म्हणजे ‘नाव काहीही असो’. ‘एफ’ ही रिकामी डबी; दर फेरीत तिच्यात पुढच्या फोटोचे नाव येते. डॉलरचे चिन्ह त्या डबीतले नाव काढून देते. ‘एमव्ही’ नाव बदलते. कॅमेऱ्याने शेवटची अक्षरे मोठ्या लिपीत दिली असतील तर आपणही मोठीच लिहावीत, लिनक्स दोन्हींत फरक करतो.

मुले विचारतात, शेवटी ‘डन’ का? स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. अल्गोल ६८ या भाषेच्या वळणाने त्यात ‘इफ’ उलटा करून ‘फाय’ने संपतो. त्या हिशेबाने ‘डू’ची अखेर ‘ओडी’ने व्हायची, पण त्या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीच होती, म्हणून ‘डन’.

आता जपण्याची गोष्ट. समजा, घाईत मुलाने दुसऱ्या नावात ‘$एफ’ घातलेच नाही, नुसते ‘वलीमा.जेपीजी’ लिहिले. पहिला फोटो त्या नावाचा होईल, दुसरा त्याच्यावर बसेल, तिसरा दुसऱ्यावर. लूप थांबेल तेव्हा तीनशेतला एकच फोटो उरलेला असेल. बाकीचे कचरापेटीतही सापडणार नाहीत, आणि शेल एका शब्दाने विचारणार नाही. हाताने काम करणारा दुसऱ्याच फोटोला चमकून थांबला असता.

म्हणून आम्ही मुलांकडून तीन गोष्टी करून घेतो. फोल्डरची नक्कल आधी. मग ‘एमव्ही’च्या पुढे ‘इको’ लिहून लूप चालवायचा. काम होत नाही, काय होणार ते फक्त पडद्यावर उमटते. नावे वाचून पाहिली की ‘इको’ काढायचा. आणि ‘एमव्ही’ला ‘-एन’ जोडायचे, म्हणजे त्या नावाचा फोटो आधीपासून असेल तर त्याच्यावर दुसरा बसत नाही.

अवतरणचिन्हे मात्र ‘इको’ दाखवत नाही, ती डोळ्यांनीच तपासावीत. फोटो पुसणाऱ्या ‘आरएम’च्या लूपमध्ये ती राहिली आणि फाइलचे नाव ‘जुना फोटो.जेपीजी’ असले, तर शेल त्याचे दोन तुकडे करतो. ‘जुना’ त्याला सापडत नाही, शेजारी ‘फोटो.जेपीजी’ नावाची दुसरी फाइल असली तर ती पुसली जाते, आणि पुसायची ती जागेवर राहते.

‘व्हाइल’चा लूप अट खरी असेतोवर फिरतो. थांबेनासा झाला तर कंट्रोल आणि सी एकत्र दाबावे.

सरावासाठी नवे फोल्डर करा, ‘टच’ आज्ञेने त्यात पाच रिकाम्या फाइली बनवा, एकीच्या नावात मुद्दाम मोकळी जागा सोडा. वरचा लूप आधी अवतरणचिन्हांशिवाय, मग त्यांच्यासह चालवा, आणि दोन्ही वेळा पडद्यावर काय आले ते वहीत उतरवा.